पाचवा सिलिंडर

आमच्या वन्संची नखं मी स्वच्छ पाहिली ती एकदाच, त्या टायफॉइडने तीन आठवडे अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा. एरवी साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, तरी नखांच्या कडेची काळी रेघ काही हलत नाही. जेवायला बसण्याआधी त्या हात धुऊन येतात, मला दोन्ही बाजूंनी दाखवतात आणि म्हणतात, "वहिनी, एवढंच निघतं. बाकीचा रंग पक्का आहे."

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वय चव्वेचाळीस. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "वेळ झाला नाही" म्हणतात, आणि मी त्यांचा दिवस बघते, त्यामुळे मला ते खरंही वाटतं. शहराच्या कडेला एक वर्कशॉप आहे. झिजलेल्या इंजिनांचे सिलिंडर तिथे आतून थोडे थोडे कापून पुन्हा गोल करतात. याला बोअर मारणं म्हणतात. वन्सं गेली वीस वर्षं तेच काम करतात. सुरुवातीला गिऱ्हाईक आत यायचं आणि त्यांना बघून विचारायचं, "मेकॅनिक कुठे आहे?" वन्सं मशीनवरून मान न काढता सांगायच्या, "जेवायला गेलाय. तोवर मी करते."

हे झालं पोटापाण्याचं. आता हौस. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी वन्सं शर्यतीच्या गाडीचं काम बघतात. शर्यत म्हणजे फार मोठी नव्हे. शहराबाहेर विमानतळाची एक जुनी धावपट्टी पडून आहे, तिथे दोन महिन्यांतून एकदा हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमतात. एका वेळी एकच गाडी, मधे रबरी शंकू उभे केलेले, आणि एक माणूस घड्याळ लावून बसलेला. वन्संच्या गाडीचे मालक आणि चालक दातांचे डॉक्टर आहेत. गाडी तीस वर्षांची, निळी, आतल्या सगळ्या सीटा काढून टाकलेली. तिच्यात दहा गाड्यांचे भाग बसवलेत, तिचं स्वतःचं म्हणावं असं फार उरलेलं नाही, म्हणून डॉक्टरांनी तिचं नाव कवळी ठेवलंय. पुढच्या वर्षीसाठी दुसरी गाडी तयार करायचं चाललंय. तिचा नुसता सांगाडा आमच्या अंगणात विटांवर उभा आहे. पावसाचे चार महिने त्याच्यावर ताडपत्री असते आणि आठ महिने माझे ओले टॉवेल.

आणि या सगळ्याच्या मागे, अंगणातल्या शेडच्या कोपऱ्यात, चादरीखाली मामंजींची मोटरसायकल होती.

माझे सासरे टेलिफोन खात्यात होते. खांबाखांबाने तारा तपासत जायचं, कुठे तुटलीय, कुठे फांदी टेकलीय ते बघायचं. तेवीस वर्षं ते याच मोटरसायकलवरून फिरले. एकच सिलिंडर, पण भला मोठा. बटण दाबलं आणि सुरू झाली असला प्रकार नाही. उजव्या पायाने किक मारायची, आणि तीही ज्याला जमते त्यालाच जमते. ती चादरीखाली गेली वन्संमुळे. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. मामंजी दुपारचे झोपले होते, वन्संनी न विचारता मोटरसायकल बाहेर काढली, हायवेला लागल्या आणि जेवढी पळेल तेवढी पळवली. बारा मैलांवर इंजिन आतल्या आत जाम झालं. पिस्टन सिलिंडरला चिकटला. त्या ती ढकलत घरी आल्या तेव्हा दिवे लागले होते. मामंजींनी एक शब्द विचारला नाही. कपाटातून जुनी चादर आणली, गाडीवर घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून खात्याची सायकल वापरायला लागले. ही हकिगत मला ह्यांनी सांगितली. वन्संनी कधी सांगितली नाही. पण पुढे त्यांनी बोअर मारायचंच काम का धरलं, ते मला त्यावरून कळलं.

पंचवीस वर्षं चादर तशीच राहिली. धुवायला म्हणून मीच ती वर्षातून दोनदा काढायचे आणि पुन्हा घालायचे.

यंदा मामंजींचा उजवा गुडघा पार गेला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "डावा चांगला आहे, मग हाच एवढा कसा झिजला? कोणता खेळ खेळायचात?"

"किक मारायचो," मामंजी म्हणाले.

"फुटबॉल?"

"टेलिफोन खातं."

गुडघा बदलायचं ठरलं. सहा आठवड्यांनंतरचा बुधवार मिळाला. नवीन गुडघ्यावर चालता येईल, जिना चढता येईल, पण झटका द्यायचा नाही, मोटरसायकलची किक तर जन्मात नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. मामंजींनी मान हलवली.  घरी जेवताना वन्संना म्हणाले, "तुझ्याने होईल का ग ते? बुधवारच्या आत? मला एकदा मारायची आहे."

वन्संचा घास हातात तसाच राहिला. "होईल, बाबा."

हे म्हणाले, "बाबा, गुडघा धड नाही आणि किक मारायची? काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"बदलायचाच आहे ना तो? मग जपून कुणासाठी ठेवू?"

हे ताट उचलून मोरीकडे गेले. 

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराचं वर्कशॉप झालं. शेडमध्ये धूळ असते म्हणून आतले भाग घरात. माझ्या स्टीलच्या डब्यांत नट, बोल्ट, वॉशर. प्रत्येक डब्यावर कागद चिकटवलेला. साखरेच्या डब्यावर 'गिअर बाजू' लिहिलेलं बघून पाहुण्यांनी चहा बिनसाखरेचा घेतला. एका रविवारी मी ब्रेड भाजायला ओव्हन उघडला तर आत इंजिनाचं अर्धं ॲल्युमिनियमचं कवच.

"वन्सं, हे काय?"

"वहिनी, दहाच मिनिटं. गरम झालं की ते फुगतं, मग बेअरिंग आपोआप आत बसतं. ठोकावं लागत नाही."

"आणि माझा ब्रेड?"

"तोही फुगेल. आधी हे होऊ दे."

खरंच, त्यांनी हातमोजे घालून ते बाहेर काढलं, बेअरिंग वरून नुसतं सोडलं, आणि ते टक् करून जागेवर बसलं. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या ब्रेडला ग्रीसचा वास होता. मामंजी तो दोन्ही वेळा चवीने खायचे.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. सिलिंडर दर वेळी कापला की भोक थोडं मोठं होतं आणि त्यात थोडा मोठा पिस्टन लागतो. मामंजींच्या नोकरीत तीनदा कापून झालेलं. आता एकदाच कापता येईल एवढीच भिंत शिल्लक होती. त्या मापाचा पिस्टन तर कुठे मिळेना. वन्संनी महिनाभर पत्रं घातली, फोन केले, शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे एक सापडला. पिवळ्या पडलेल्या कागदात गुंडाळलेला, जुन्या वर्तमानपत्रासकट. त्याने सोबत चिठ्ठी घातली होती: 'याच्यापुढचा नाही. सांभाळून.' वन्संनी ती चिठ्ठी शेडच्या दारावर खिळ्याला अडकवून ठेवली.

त्यातच कवळी तेल जाळायला लागली. शर्यत रविवारी, म्हणजे ऑपरेशनच्या तीन दिवस आधी. दातांचे डॉक्टर आले, चपला काढता काढताच म्हणाले, "ताई, मी आग्रह करत नाही हं. तुमचं घरचं काम आधी."

वन्सं म्हणाल्या, "तुमचं इंजिन पण टेबलावर घ्या. एकदा मशीन लावलं की चार काय आणि पाच काय."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शर्यतीच्या आधल्या आठवड्यातल्या गुरुवारी वर्कशॉपची कामं संपल्यावर वन्संनी मालकांना विचारून मशीन लावलं. आधी कवळीचे चार सिलिंडर, एकापाठोपाठ एक. मग मोटरसायकलचा. घरी आल्या तेव्हा पाठ धरली होती, पण चेहरा उजळला होता. मोटरसायकलचा सिलिंडर त्यांनी माझ्या हातात दिला. आतून आरशासारखा, आणि नीट बघितलं तर बारीक जाळीदार रेघा. "हात फिरवू नको, वहिनी, नुसतं बघ." मी बघितलं. लहान बाळाची टाळू बघावी तसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही इंजिनं जोडून झाली. कवळी सुरू झाली आणि डॉक्टर तिला घेऊन गेले. शनिवारी सकाळी मोटरसायकल अंगणात आली. ठरलं असं की आधी वन्संनी सुरू करून बघायची, सगळं ठीक असलं की सोमवारी मामंजींनी मारायची. मामंजी खुर्ची टाकून बसले, काठी मांडीवर आडवी. मी सांगाड्यावर टॉवेल वाळत घालत होते.

वन्संनी चौथ्या किकेला सुरू केली. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. जाड, आणि एकेक ठोका सुटा. शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि तशीच उघडी राहिली. मामंजींनी डोळे मिटून घेतले होते. पाच मिनिटं झाली, सहा झाली. वन्सं तेल बघत होत्या, खाली वाकून गळतंय का बघत होत्या, मला खूण करून हसत होत्या.

सातव्या मिनिटाला मामंजींनी डोळे उघडले. मला तरी आवाजात काही फरक कळला नाही. ते उठले, काठी खाली पडली, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. दोन पावलं तसेच चालत गेले आणि हँडलवरची एक छोटी पट्टी ओढली. इंजिनातली कोंडलेली हवा सोडून द्यायची ती पट्टी. इंजिन फस्‌ करून बंद पडलं.

"काय झालं, बाबा?"

"आवाज जड झाला."

वन्संनी हातानेच किकचा दांडा दाबून बघितला. तो रुतत रुतत खाली गेला. त्यांनी पुन्हा दाबला नाही. नळावर गेल्या आणि हात धुवायला लागल्या. काम अर्धवट टाकून त्या हात धुताना मी पहिल्यांदाच बघत होते. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "वहिनी, मी पाचवापण चारांसारखाच कापला."

मला उमगलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आणि ते मी इथे माझ्या भाषेत सांगते. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात थोडी जागा ठेवावी लागते, कारण तापल्यावर पिस्टन फुगतो. गाडीच्या इंजिनाभोवती पाणी खेळतं, ते फार तापत नाही, तिथे अर्ध्या केसाएवढी जागा पुरते. मोटरसायकलला पाणी नाही, नुसता वारा, तोही चालत असताना. तिथे दीड केस लागतो. आकड्यात म्हणजे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजून, गाडीला चार आणि मोटरसायकलला दहा. वन्संना हे माहीत नव्हतं असं नाही, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. पण चार सिलिंडर ओळीने 'चार' ने केले, हात त्या मापाला बसला, आणि पाचवाही त्याच ओळीत गेला.

त्यांच्या वर्कशॉपचा एक नियम आहे. काम कुणाचंही असो, त्याचं माप खडूने त्या कामावरच लिहायचं. तोंडी माप चालत नाही. मालकांनी स्वतःच्या मेव्हण्याचंही काम खडूशिवाय मशीनवर चढवू दिलेलं नाही. वन्संनी कवळीवर लिहिलं होतं. बाबांच्या सिलिंडरवर लिहिलं नव्हतं.

"घरचंच होतं म्हणून," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे काय मी विसरणारे?"

मामंजी खुर्चीत परत बसले होते. मी काठी उचलून दिली. ते म्हणाले, "थंड होऊ दे. आत्ता उघडू नकोस."

"बाबा, भिंतीला ओरखडे पडले असतील तर संपलं. पुढचा पिस्टन नाही."

"पडले असतील तर पडलेत. थंड होऊ दे. उद्या तुझी शर्यत आहे ना?"

"मी नाही जात."

"डॉक्टरला शब्द दिलायस. बुधवारी माझा गुडघा आहे, उद्या रविवार आहे. जा."

मोटरसायकल शेडमध्ये गेली. वन्संनी चादर उचलली, क्षणभर हातात धरली आणि परत घडी घालून ठेवली.

रविवारी मीही गेले. डबा घेऊन जायचं निमित्त केलं, पण त्यांना एकटं सोडवेना. धावपट्टीच्या भेगांतून गवत आलेलं, लांबवर पत्र्याची रिकामी शेड, आणि वीसेक गाड्या बॉनेट उघडून उभ्या, जणू सगळ्यांची एकदमच तपासणी होती. प्रत्येकाला तीन फेऱ्या. कवळी पहिल्या फेरीत शंकूंमधून इतक्या सफाईने गेली की घड्याळवाला माणूस उठून बघायला लागला. दुसऱ्या फेरीनंतर डॉक्टर चौथ्या नंबरावर होते. ते हेल्मेट काढून आले तेव्हा वन्सं प्लग आवळत होत्या.

"ताई, तो तुम्ही मघाशीच आवळलात."

"हो का?"

"कुठे दुखतंय?"

वन्संनी सांगितलं. डॉक्टरांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग विचारलं, "उघडून बघितलं?"

"नाही."

"का?"

वन्संनी पाना पेटीत ठेवला. डॉक्टर माझ्या डब्यातली पेरूची एक फोड उचलून खात म्हणाले, "माझे निम्मे पेशंट असेच. सहा महिने ठणकतं, उशी बदलतात, कूस बदलतात, पण तोंड उघडून दाखवायचं नाही. चला."

"तिसरी फेरी?"

"चौथ्या नंबराला काय देतात? टाळ्या. त्या मला दवाखान्यात, पेशंटची सुटका झाली की, पण मिळतात."

कवळी ट्रेलरवर चढली आणि आम्ही दुपारी तीनला घरी आलो. वाटेत डॉक्टरांनी दवाखाना उघडून एक पिशवी घेतली. अंगणात टेबल मांडलं, त्यावर माझी जुनी चादर. मामंजी खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. वन्संनी वरचे नट सोडले. सिलिंडर वर उचलताना डॉक्टरांनी दुसरी बाजू धरली. तो बाहेर आला, चादरीवर ठेवला, आणि कुणीच वाकून बघेना.

मग डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला, पिशवीतून तो दात बघायचा गोल आरसा काढला, आणि आत घालून हळूहळू फिरवला. "आ करा," असं सिलिंडरला म्हणाले. मामंजींना हसू आलं. मी मात्र मनात देवाचं नाव घेत होते.

"एका बाजूला आहे," डॉक्टर म्हणाले. "पांढरट पट्टा. पण ताई, मला विचाराल तर ही कीड नाही. कीटण आहे. वरून चढलंय, आत गेलेलं नाही. अर्थात हा जबडा माझा नाही, तुम्ही बघा."

वन्संनी आरसा घेतला, बघितलं, खाली ठेवला. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"नख फिरव," मामंजी म्हणाले.

लोखंडावरचा ओरखडा किती खोल आहे याबाबत डोळा फसतो, नख फसत नाही. वन्संनी बोट आत घातलं आणि तर्जनीचं ते काळ्या रेघेचं नख भिंतीवर आडवं ओढलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"अडकत नाही," त्या म्हणाल्या. परत फिरवलं. "बाबा, कुठेच अडकत नाही. पिस्टनचं ॲल्युमिनियम नुसतं पुसलं गेलंय."

"मी वेळेवर बंद केली असेल," मामंजी म्हणाले.

वन्सं म्हणाल्या, "अर्धं मिनिट आणखी चालली असती तर..." आणि आरसा पुसायला घेतला. मग म्हणाल्या, "तेव्हापण असाच जड झाला असेल आवाज. मला नव्हता ऐकू आला."

"तेव्हा तू एकोणीसची होतीस. तुला फक्त वारा ऐकू येत होता."

पंचवीस वर्षांत त्या दिवसाबद्दल ते दोघं एवढंच बोलले असतील. मी चहा टाकायला आत गेले.

एक बरं होतं, चूक जागा कमी ठेवण्याची होती. जास्त ठेवली असती तर इलाज नव्हता. कमी आहे म्हटल्यावर आणखी थोडं घासता येतं. सोमवारी सकाळी वन्सं वर्कशॉपच्या दारात मालकांच्या आधी हजर होत्या. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, पहिलं काम म्हणून तोच सिलिंडर लावू दिला, आणि खिशातून खडू काढून त्यांच्या पुढे धरला.  वन्संनी सिलिंडरच्या बाहेरच्या, वाऱ्याने थंड व्हायला ठेवलेल्या पंखांवर ठसठशीत दहाचा आकडा लिहिला आणि मग मशीन सुरू केलं. पिस्टनवरचे डाग बारीक कागदाने पुसून निघाले. संध्याकाळी जोडणी. माझ्या डब्यांवरचे कागद एकेक करून निघाले, शेवटी साखरेचा डबा मला परत मिळाला.

मंगळवारी अकराला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. मी पहाटे नेहमीसारखा देवापुढे दिवा लावला. इंजिनासाठी मागणं घालायला कसंतरीच वाटलं, म्हणून गुडघ्यासाठी घातलं: एवढी एक किक निभावू दे.

आठ वाजता मामंजी तयार होऊन आले. पायात कामावरचे जुने बूट. वाकता येत नव्हतं, नाड्या मी बांधल्या. वन्सं म्हणाल्या, "बाबा, आधी मी एकदा बघू का? पुन्हा काही झालं तर?"

"नको. झालं तर मला कळेल."

त्यांनी घाई केली नाही. पेट्रोलचा कॉक उघडला. कार्बोरेटरवरची छोटी कळ बोटाला पेट्रोलची ओल लागेपर्यंत दाबली. किक हळूच खाली नेली, जिथे कडक लागली तिथे थांबले, पट्टी ओढून तेवढीच पुढे सरकवली, पट्टी सोडली. मग सगळं अंग उजव्या पायावर टाकलं. जोर असा नव्हताच, नुसता भार. इंजिन खोकून गप्प झालं. दुसऱ्यांदाही तसंच. मामंजी टाकीवर हात ठेवून उभे राहिले. ओठ पांढरे झाले होते.

हे पुढे झाले. "बाबा, बास आता."

"तू सरक जरा. उजेड अडवतोयस."

वन्सं दोन हात मागे बांधून उभ्या होत्या. मदत करायची नाही हे त्यांनी स्वतःला बजावलं असावं, कारण हात एकमेकांना घट्ट धरून होते.

तिसऱ्यांदा मामंजींनी तेच सगळं पहिल्यापासून केलं, जराही वगळलं नाही, आणि भार टाकला. ती लागली. तोच जाड, सुटा ठोका. मामंजी एका पायावर उभे राहून आवाज थोडा वाढवायचे, थोडा कमी करायचे. सातवं मिनिट आलं तेव्हा वन्सं इंजिनाकडे बघतच नव्हत्या, त्या मामंजींच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आठ झाली. दहा झाली. गरम पंखांवरचा खडू पिवळा पडत गेला, पण आकडा वाचता येत होता.

मामंजींनी पट्टी ओढून बंद केली. ह्यांच्या खांद्याचा आधार घेऊन खुर्चीत बसले, गुडघा चोळत.

"ऐक," वन्संना म्हणाले. "पहिले पाचशे मैल चाळीसच्या वर न्यायची नाही. चढावर ओढायची नाही, गिअर उतरवायचा. दर वीस मैलांना दहा मिनिटं उभी करायची. तेल शंभराला बदल, मग अडीचशेला."

"हो, बाबा."

"आणि मला बघायला येशील तेव्हा बसने येऊ नकोस. हिच्यावरून ये."

वन्संनी नुसती मान हलवली आणि उगाच कॉक बंद आहे का ते बघायला वाकल्या. तो त्यांनी स्वतःच मघाशी बंद केला होता.

ऑपरेशन ठीक झालं. शुक्रवारी संध्याकाळी मी मामंजींजवळ बसले होते. खिडकीतून खालच्या रस्त्यावरून तो ठोका ऐकू आला. शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ म्हणाले, "काय आवाज आहे." मामंजी उशीवर थोडे वर सरकले. दोन मिनिटांनी वन्सं आल्या, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"किती झाले?"

"एकसष्ट मैल."

"चाळीसच्या वर?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. "एकदा. उतार होता. बेचाळीस."

"आवाज?"

"सुटा."

"मग ठीक."

तेवढ्यात नर्स आली. आज नवा गुडघा पहिल्यांदाच वाकवून बघायचा होता. तिने टाचेखाली हात घातला. मामंजी म्हणाले, "जरा दमाने, बाई. अजून पाच मैलही झाले नाहीत." नर्सला काही कळलं नाही. वन्सं कॉटच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, म्हणाल्या, "तुम्ही सोडा, मी धरते," आणि त्या काळ्या रेघांच्या नखांचे दोन्ही हात पोटरीखाली घालून गुडघा केसाकेसाने वर उचलायला लागल्या. जिथे कडक लागला तिथे थांबल्या. मामंजींनी मान हलवल्यावर मग पुढे.